मानवी हक्कांच्या नोंदींचा डेटाबेस: सॉफ्टवेअर बसवण्याआधी काय करायचं, नंतर काय, आणि कोणत्या क्रमाने

मानवी हक्कांच्या उल्लंघनांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत जबाब फायलींत पडलेले असतात, फोटो आणि व्हिडिओ चार जणांच्या फोनांत विखुरलेले असतात, आणि कुणीतरी कधीकाळी सुरू केलेली एक्सेल शीट इतकी फुगलेली असते की ती उघडायलाच नको वाटतं. अशा वेळी एखादं चांगलं मुक्तस्रोत (कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारं) सॉफ्टवेअर टाकायचं ठरतं. ते बसतं, नोंदी भरायला सुरुवात होते. काही महिन्यांनी कुणी साधा प्रश्न विचारतो, "ताब्यात घेतलेल्यांपैकी किती जणांना मारहाण झाली?" आणि उत्तर निघत नाही. माहिती आत असते, पण अशा आकारात की मोजता येत नाही.

हे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमुळे होत नाही, क्रम चुकल्यामुळे होतं. खालचे पहिले सहा टप्पे कागदावरचे आहेत. ते संपेपर्यंत संगणकावर काही बसवू नका.

## टप्पा १: आधी धोक्याचा विचार

तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं लेखी हवीत. ही माहिती कुणाच्या हाती पडली तर कुणाचं नुकसान होईल? ती हस्तगत करायची इच्छा आणि ताकद कुणाकडे आहे? आणि ती कायमची नाहीशी झाली तर काय अडेल?

"आमचा डेटा गोपनीय आहे" हे उत्तर चालणार नाही. साक्षीदाराचा पत्ता, जबाब घेणाऱ्या कार्यकर्त्याचं नाव, डॉक्टरच्या अहवालावरची सही अशी एकेक गोष्ट घ्या. पीडितांची नावं सगळे झाकतात. जबाब कोणी आणि कुठे बसून घेतला हे मात्र उघडं राहतं, आणि माग काढणाऱ्याला तेवढं पुरतं.

जी माहिती कधीच लागणार नाही ती गोळाच करू नका. पूर्वी फॉर्मवर होता म्हणून धर्म, जात किंवा ओळखपत्र क्रमांकाचा रकाना ठेवू नका. ज्या विश्लेषणासाठी तो लागतो ते लिहून दाखवता आलं, तरच ठेवा.

## टप्पा २: डेटाबेसने कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायची?

दहा-पंधरा प्रश्न लिहा. अहवाल करणारे, वकील आणि पीडितांच्या कुटुंबांशी संपर्कात असणारे अशा सगळ्यांकडून प्रश्न घ्या, कारण त्यांच्या गरजा वेगळ्या असतात. वकिलाला एका व्यक्तीबद्दलची सगळी कागदपत्रं एकत्र हवी असतात. अहवाल करणाऱ्याला शेकडो घटनांमधला कल पाहायचा असतो. कुटुंबांशी बोलणाऱ्याला शेवटचा संपर्क कधी झाला हे हवं असतं.

> तपासा: यादीतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कोणत्या रकान्यांतून येईल ते सांगता येतं का? आणि ज्या रकान्यातून एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही तो फॉर्मवर कशाला?

## टप्पा ३: "केस" हा शब्द बाजूला ठेवा

सर्वांत जास्त गडबड इथे होते, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

एका मोर्चावर लाठीमार झाला असं समजा. तिघांना मारहाण झाली. त्यांतल्या दोघांना पकडून नेलं. पकडलेल्यांपैकी एकाचा दुसऱ्या दिवशी कोठडीत मृत्यू झाला. शीटमध्ये ओळी किती भरायच्या? कुणी एक भरतो, कुणी तीन, कुणी मृत्यूची चौथी. महिनाभराने तिघांच्या पद्धती एकाच शीटमध्ये मिसळतात आणि ओळी मोजण्याला काही अर्थ उरत नाही.

योग्य मोजणी अशी: घटना एक. बाधित व्यक्ती तीन. कृत्यं सहा, म्हणजे मारहाण तीन, ताब्यात घेणं दोन आणि कोठडीतला मृत्यू एक. प्रत्येक कृत्य एका व्यक्तीशी जोडलेलं, आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याशीही जोडलेलं. कोणी, कोणाला, काय केलं, हा या कामाचा पायाच आहे. मानवी हक्कांच्या दस्तऐवजीकरणासाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ह्युरिडॉक्स या संस्थेने नोंदींचे जे प्रमाण नमुने प्रसिद्ध केले, त्यांत घटना, कृत्य, व्यक्ती, सहभाग आणि माहितीचा स्रोत यांची ताटातूट आहे ती यासाठीच.

कागदावर पाच चौकटी काढा:

1. घटना – काय घडलं, कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत.
2. कृत्य – एका व्यक्तीवर झालेली एक कृती.
3. व्यक्ती किंवा गट – बाधित, आरोपित, साक्षीदार. सगळे एकाच प्रकारच्या चौकटीत.
4. सहभाग – कृत्य आणि आरोपित यांना जोडणारी चौकट. त्या वेळचा हुद्दा, तुकडी आणि भूमिका इथे.
5. स्रोत – हे आपल्याला कशावरून कळलं.

"बाधित" आणि "आरोपित" ही भूमिका आहे, माणसाचा कायमचा शिक्का नाही. एका घटनेतला साक्षीदार पुढच्या घटनेत स्वतः बाधित असू शकतो. पीडितांची एक यादी आणि साक्षीदारांची दुसरी ठेवली, की तोच माणूस दोनदा येतो आणि दोन्ही नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत. हुद्द्याचंही तसंच आहे. अधिकाऱ्याचा हुद्दा त्याच्या व्यक्तिगत नोंदीत लिहिला तर बढतीनंतर तो बदलला जातो, आणि जुन्या घटनेच्या वेळी त्याच्या हाताखाली कोण होतं ते पुसलं जातं.

> सावधान: आरोपित माहीत नसेल तर "अज्ञात" नावाची एक व्यक्ती तयार करून सगळी कृत्यं तिला जोडू नका. पुढे आलेखात हा "अज्ञात" शेकडो गुन्हे केलेला एकच इसम म्हणून दिसतो. जोडणी रिकामी ठेवा आणि "आरोपितांची ओळख" या वेगळ्या रकान्यात "पटलेली नाही" असं नोंदवा. "गणवेशातले चौघे" एवढी माहिती असेल तर ती त्या घटनेपुरत्या गटात लिहा.

आता तुमच्याकडची अवघडातली अवघड पाच प्रकरणं घ्या आणि ती हाताने या चौकटींत भरा. सोपी घेऊ नका, ती कशातही बसतात. महिनोन्‌महिने चाललेलं बेपत्ता प्रकरण, एकाच माणसाची तीनदा अटक आणि जमावाने केलेला हल्ला यांपैकी एकेक तरी घ्या.

## टप्पा ४: शब्दसूच्या

कृत्यांचे प्रकार, ठिकाणांचे प्रकार, गटांचे प्रकार यांच्या याद्या आधीच ठरवा. प्रत्येक शब्दासमोर एक-दोन ओळींची व्याख्या, आणि काय धरायचं व काय धरायचं नाही याचं एकेक उदाहरण असू द्या. व्याख्येशिवाय यादी दिली की प्रत्येक जण आपापल्या अर्थाने ती भरतो.

कृतीचं वर्णन आणि कायदेशीर ठपका एकाच यादीत घालू नका. "काठीने मारहाण" हे वर्णन झालं. "छळ" हा निष्कर्ष आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी कराराच्या पहिल्या कलमानुसार त्यासाठी तीव्र वेदना, हेतुपुरस्सर कृती, विशिष्ट उद्देश आणि सरकारी व्यक्तीचा सहभाग किंवा संमती असे घटक लागतात. नोंद करणाऱ्याने वर्णन भरावं, वर्गीकरण कायद्याच्या जाणकाराने दुसऱ्या रकान्यात करावं. पुढे कायदेशीर मत बदललं तरी वर्णनाला हात लावावा लागत नाही.

"इतर" हा पर्याय ठेवा, पण त्याच्याजवळ मोकळा मजकूर लिहिणं सक्तीचं करा आणि महिन्यातून एकदा तो वाचा. तेच तेच पुन्हा दिसत असेल तर यादीत नवा शब्द घाला. यादीत बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे हवा. प्रत्येक बदलाची तारीख लिहा, नाहीतर एखाद्या प्रकाराची संख्या अचानक वाढली ती गुन्हे वाढले म्हणून की शब्द नवा आला म्हणून, हे दोन वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही.

> तपासा: दोघांना तेच वीस जबाब द्या आणि एकमेकांशी न बोलता प्रकार निवडायला सांगा. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे माणसांना दोष देऊ नका, व्याख्या दुरुस्त करा.

## टप्पा ५: तारीख, ठिकाण, नाव

तारीख. साक्षीदार "पावसाळ्याच्या सुरुवातीला" असं सांगतो. सॉफ्टवेअर पूर्ण तारीख मागतं. भरणारा १ जून टाकून मोकळा होतो. पुढे आलेख काढला की दर महिन्याच्या १ तारखेला आणि दर वर्षी १ जानेवारीला अत्याचारांची लाट आलेली दिसते. उपाय दोन. एक तर "पासून–पर्यंत" असा कालावधीचा रकाना वापरा. नाहीतर तारखेशेजारी "अचूकता" हा सक्तीचा रकाना ठेवा: दिवस पक्का, महिना पक्का, वर्ष पक्कं, अंदाज. साक्षीदाराचे मूळ शब्द मोकळ्या मजकुरात तसेच ठेवायचे.

ठिकाण. इथेही अचूकतेचा रकाना लागतो. फक्त जिल्हा माहीत असताना नकाशावर जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर खूण केली, तर तिथल्या एखाद्या निरपराध वस्तीवर गुन्ह्यांचा ढीग दिसायला लागतो. घटनेचं ठिकाण आणि बाधिताचं राहतं घर हे दोन वेगळे रकाने आहेत. दुसरा कधीही उघड होता कामा नये.

नाव. मूळ लिपीत, सांगणाऱ्याने सांगितलं तसं. लिप्यंतर, टोपणनाव आणि इतर स्पेलिंगं वेगळ्या रकान्यात. नोंदीच्या क्रमांकात नाव, गाव किंवा जन्मवर्ष गुंफू नका. असा क्रमांक ईमेलमध्ये नुसता लिहिला तरी माणूस उघडा पडतो. क्रमांक निरर्थक असावा.

लिपीचा एक छुपा त्रास सांगून ठेवतो. नुक्ता (खाली टिंब) असलेलं अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं, आणि अक्षरांच्या मध्ये न दिसणारी जोडचिन्हंही शिरतात. डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावं शोधात वेगळी ठरतात. फोनवर टंकलेल्या आणि संगणकावर टंकलेल्या नोंदी एकत्र करताना हे हमखास होतं. आयात करण्याआधी सगळा मजकूर एकाच प्रमाण रूपात आणून घ्या.

वय. "वय" असा नुसता रकाना ठेवू नका. घटनेच्या वेळचं वय की जबाबाच्या वेळचं, हे शीर्षकातच लिहा.

## टप्पा ६: स्रोत आणि संमती

स्रोत घटनेला जोडून थांबू नका, तो कृत्याच्या नोंदीलाही जोडा. लाठीमाराला दहा साक्षीदार असतील, पण कोठडीतल्या मृत्यूबद्दल एकच कागद असेल. सगळं घटनेवर टांगलं तर त्या एका कागदाचा कच्चेपणा दहा जणांच्या मागे लपतो.

स्रोत किती विश्वासार्ह आहे आणि ही विशिष्ट माहिती किती पटण्याजोगी आहे, हे दोन वेगळे शेरे आहेत. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो. तीन वर्तमानपत्रांनी एकाच वृत्तसंस्थेची बातमी छापली असेल तर तो एकच स्रोत धरा.

संमती "हो/नाही" मध्ये बसत नाही. संस्थेच्या आत वापर, नाव न देता अहवाल, नावासह प्रसिद्धी, न्यायालयात वापर, दुसऱ्या संस्थेला देणं, या प्रत्येकासाठी वेगळी खूण लागते. संमती कधी घेतली आणि कोणत्या भाषेत समजावून सांगितली तेही नोंदवा. ती मागे घेतली तर काय करायचं हे आधीच ठरवा. कुटुंबाने फोन केल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ७: आता सॉफ्टवेअर निवडा

या कामासाठी मुद्दाम केलेली मुक्तस्रोत साधनं मोजकीच आहेत.

युवाझी हे ह्युरिडॉक्सचं. कागदपत्रांचा संग्रह, त्यांतला शोध, नोंदींमधली नाती आणि हवं ते प्रसिद्ध करण्याची सोय ही त्याची ताकद. टेम्पलेट, म्हणजे नोंदीचा साचा, तुम्ही बनवता, त्यामुळे टप्पा ३ मधल्या चौकटी जशाच्या तशा उतरवता येतात. पण तुमच्या चौकटी चुकीच्या असतील तर तेही मुकाट्याने तसंच घडवून देतं.

बयानात हे सीरियातल्या अत्याचारांचं दस्तऐवजीकरण करणाऱ्या सीरिया जस्टिस अँड अकाउंटॅबिलिटी सेंटरने विकसित केलं. व्हिडिओ-फोटोंचा प्रचंड साठा तपासायचा असेल तर हे पाहा. त्यात रचना तयार मिळते: पुराव्याचा एकेक तुकडा, व्यक्ती किंवा गट, आणि त्यांतून उभी राहणारी घटना. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासण्याची वाटही आत आहे. तयार रचना हवी असेल तर ती सोय आहे, आणि तुमचं काम त्या रचनेत बसत नसेल तर अडचण.

कोबोटूलबॉक्स आणि टेला ही माहिती गोळा करण्याची साधनं. कोबोने फॉर्म भरून घेता येतात. टेला फोनमधले फोटो आणि व्हिडिओ कूटबद्ध करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे) ठेवतं, फोनच्या पडद्यावरचं स्वतःचं चिन्ह लपवू शकतं आणि युवाझीच्या सर्व्हरला जोडता येतं. अनेक जण कोबोलाच डेटाबेस समजून बसतात. फॉर्ममधून एका सादरीकरणाची एक ओळ येते, नाती येत नाहीत.

जुन्या लेखांत ओपनएव्हसिस आणि मार्टस ही नावं भेटतील. पहिल्याची जागा ह्युरिडॉक्सने युवाझीला दिली, दुसरं ते बनवणाऱ्या बेनेटेक या संस्थेने बंद केलं. नव्याने सुरुवात करायला दोन्ही घेऊ नका. या क्षेत्रातली साधनं बंद पडतात हे मात्र त्यांवरून लक्षात ठेवा, आणि निवडतानाच विचारा: सगळा डेटा नात्यांसकट बाहेर काढता येतो का?

> सावधान: सॉफ्टवेअर फुकट आहे, सर्व्हर सांभाळणारा माणूस फुकट नाही. अद्ययावत करणं, बॅकअप आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या हे काम कुणाच्या नावावर आहे ते ठरत नसेल, तर स्वतः सर्व्हर चालवण्याच्या फंदात न पडता विश्वासू संस्थेकडून होस्टिंग (त्यांच्या सर्व्हरवर जागा) घ्या. अर्धवट सांभाळलेला स्वतःचा सर्व्हर सर्वांत वाईट.

## टप्पा ८: बसवणं आणि कुलपं

युवाझी मोंगोडीबी आणि इलास्टिकसर्च या दोन प्रणालींवर चालतं. पहिल्यात नोंदी असतात, दुसरा शोधासाठी. या दोन्हींचे पोर्ट (बाहेरून जोडणी करण्याची दारं) इंटरनेटवर उघडे राहता कामा नयेत. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डशिवाय उघडे ठेवलेले हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसून खंडणी मागितली गेली होती. हल्लेखोरांना त्यासाठी काही फोडावं लागलं नाही, दारं उघडीच होती.

क्रम असा ठेवा: आधी फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) आणि डिस्कचं कूटबद्धीकरण, मग सॉफ्टवेअर, मग लगेच डिफॉल्ट प्रशासकाचा पासवर्ड बदलणं, मग एचटीटीपीएस (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सुरक्षित जोडणी), मग दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा) सगळ्यांसाठी सक्तीची. आणि हे सगळं झाल्यावर पहिली खरी नोंद. चाचणीसाठी खरी प्रकरणं वापरू नका. चाचणीचा डेटा कुणी साफ करत नाही, तो वर्षानुवर्षं पडून राहतो.

प्रत्येकाचं खातं वेगळं. "ऑफिस" नावाचं सामायिक खातं ठेवलं की नोंद कुणी बदलली हे कळत नाही. प्रशासकाचे अधिकार दोघांनाच द्या, आणि ते दोघे एकाच गाडीने प्रवास करणारे नसावेत.

युवाझीत नोंद दिसते किंवा दिसत नाही हे अख्ख्या नोंदीवर ठरतं. व्यक्तीच्या नोंदीत फोन नंबर ठेवून ती प्रसिद्ध केली तर नंबरही गेला. म्हणून संवेदनशील तपशिलांसाठी "गोपनीय तपशील" असं वेगळं टेम्पलेट करा आणि ते नात्याने जोडा.

> तपासा: एक खोटी नोंद प्रसिद्ध करा आणि लॉग-इन न करता वेगळ्या ब्राउझरमधून पाहा. जोडलेल्या गोपनीय नोंदीचं शीर्षक कुठे डोकावत तर नाही?

## टप्पा ९: मूळ फायली

फाइल हातात आली की उघडण्याआधी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, जणू बोटांच्या ठशासारखा आकडा) काढा आणि नोंदीत लिहा. पुढे कुणी विचारलं की फाइल बदललेली नाही कशावरून, तर तो ६४ चिन्हांचा आकडा दाखवता येतो. मूळ प्रत फक्त वाचता येईल अशा जागी ठेवा आणि काम प्रतीवर करा. फाइल कोणाकडून, कधी, कोणत्या मार्गाने आली आणि कुणाच्या हातून गेली तेही लिहा. सर्वांना उपलब्ध असलेल्या डिजिटल माहितीवरून करायच्या तपासासाठीच्या बर्कली प्रोटोकॉल या मार्गदर्शिकेतही या जपणुकीवर भर आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा आकुंचित होते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. शक्य असेल तिथे मूळ फाइल मागा, निदान "दस्तऐवज" म्हणून पाठवायला सांगा. उलट बाजूने, तुम्ही काही प्रसिद्ध कराल तेव्हा तीच माहिती काढून टाकायची असते.

## टप्पा १०: जुनी शीट आत आणणं

मूळ शीटची प्रत बाजूला ठेवा, तिला पुन्हा हात लावायचा नाही. एकेका ओळीचे घटना, व्यक्ती आणि कृत्य असे तुकडे पाडा. हे यांत्रिकपणे होत नाही, वाचून करावं लागतं. वेळ इथेच जातो.

- प्रत्येक नव्या नोंदीत जुन्या ओळीचा क्रमांक ठेवा.
- सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.
- तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमात आणा. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हे एक्सेल स्वतःच्या मनाने ठरवतं.
- शून्याने सुरू होणारे क्रमांक मजकूर म्हणून साठवा, एक्सेल पुढचं शून्य गिळतं.
- रिकाम्या रकान्याचे अर्थ वेगळे करा: विचारलं नाही, विचारलं पण माहीत नाही, लागू नाही.

> सावधान: युवाझीत आयात करताना शब्दसूचीत नसलेला शब्द आला तर तो नवा पर्याय म्हणून सूचीत जातो. "मारहाण", "मार हाण" आणि "मार-हाण" असे तीन प्रकार जन्माला येऊ शकतात. आयातीआधी प्रत्येक कॉलममधल्या वेगवेगळ्या शब्दांची यादी काढून सूचीशी ताडून पाहा.

आधी दहा ओळी आणा. त्या पडद्यावर मूळ कागदाशी जुळवून पाहा, पुसा, चुका दुरुस्त करा, मग शंभर. सगळी शीट एकदम ओतू नका.

## टप्पा ११: रोजचं काम

नोंदीला स्थिती द्या: कच्ची, तपासलेली, शंकास्पद. भरणारा आणि तपासणारा एकच नसावा. तपासणाऱ्याने नोंद नुसती वाचायची नाही, मूळ जबाब समोर ठेवून रकाने पडताळायचे.

दुबार नोंदींची झडती दर आठवड्याला घ्या. नुसत्या नावावर जाऊ नका. नाव, वडिलांचं नाव, घटनेची तारीख आणि ठिकाण यांतलं किती जुळतं ते पाहा. एकाच घरातल्या दोन भावांची नावं सारखी असू शकतात, आणि त्यांना एक करणं ही दुबार नोंदीपेक्षा मोठी चूक आहे, कारण त्यात एक माणूस यादीतून नाहीसा होतो. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे पक्कं झालं तर एकीत दुसरी विलीन करा, विलीन झालेलीचा क्रमांक लिहून ठेवा आणि कोणत्या आधारावर केलं तेही. थेट पुसू नका.

दुसऱ्याच्या दुःखाचे जबाब दिवसभर वाचणाऱ्या माणसाकडून सलग आठ तास नोंदी भरून घेऊ नका. माणूस खचतो, आणि चुकाही वाढतात.

बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, सगळ्या कूटबद्ध. युवाझीत मोंगोडीबीची प्रत काढली म्हणजे झालं असं समजू नका. अपलोड केलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तेही घ्यावं लागतं. इलास्टिकसर्चची अनुक्रमणिका हा बॅकअप नव्हे, ती पुन्हा तयार करता येते.

> तपासा: तीन महिन्यांतून एकदा बॅकअपवरून रिकाम्या सर्व्हरवर सगळं उभं करून पाहा. कूटबद्धीकरणाची किल्ली कुठे आहे, हे दुसऱ्या माणसालाही सापडतं ना?

## टप्पा १२: आकडे बाहेर देताना

डेटाबेसमधली संख्या म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचलेल्या घटनांची संख्या. घडलेल्या घटना किती, हे ती सांगत नाही. पेरूच्या सत्य आणि समेट आयोगाने २००३ च्या अहवालात मृत आणि बेपत्तांचा सांख्यिकी अंदाज ६९,२८० दिला. नावानिशी नोंदवल्या गेलेल्यांची संख्या २४,००० च्या आसपास होती. दस्तऐवजीकरण गंभीरपणे होऊनही एवढी तफावत होती.

म्हणून "यंदा घटना निम्म्यावर आल्या" असं लिहिण्याआधी पाहा: त्या भागातला कार्यकर्ता सोडून गेला का, फोन सेवा बंद होती का, लोक बोलायला घाबरताहेत का. "आम्ही नोंदवलेल्या घटना" हे शब्द शीर्षकात आणि आलेखाखाली दोन्हीकडे हवेत. बातमीदार मजकूर सोडून आलेख तेवढा उचलतात.

नावं काढून टाकली तरी ओळख उरते. लहान गावातली "घटनेच्या वेळी गरोदर असलेली शिक्षिका" एकच असते. प्रसिद्ध करायच्या तक्त्यात एखाद्या चौकटीत एक-दोनच व्यक्ती येत असतील तर ती चौकट मोठ्या गटात मिसळा. पीडीएफमध्ये काळी पट्टी टाकून नाव झाकलंत तर तो भाग निवडून दुसरीकडे चिकटवून पाहा. खालचा मजकूर पुष्कळदा तसाच असतो.

आणि वर्षातून एकदा सगळा डेटा सीएसव्ही आणि मूळ फायलींच्या रूपात बाहेर काढा. हे सॉफ्टवेअर कधीही न पाहिलेल्या माणसाला तो द्या, आणि टप्पा २ मधल्या यादीतल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यातून काढायला सांगा. त्याला कृत्य आणि व्यक्ती यांची जोडणी सापडली नाही, तर निर्यातीत नात्यांचे क्रमांक येत नाहीत असं समजा आणि ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.